पडद्यावरच्या कल्पित विश्वांची सोबतपुस्तके

चार वर्षांपूर्वी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लघुशोधप्रबंधाचा विषय घेऊन माझ्याकडे आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर लागत असलेल्या एका विज्ञानकथा-मालिकेवर तिला लिहायचे होते. (मालिकेचे नाव मुद्दाम देत नाही, तिचे काम अजून चालू आहे.) मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मूळ संहिता कुठे आहे?" ती म्हणाली, "मॅडम, संहिता नाही. काही भाग मिळाले, बाकीचे कुठेच मिळत नाहीत. म्हणून तर लिहायचंय." मी तिला ग्रामीण कथेवरचा एक सुरक्षित विषय दिला. तिने तो निमूटपणे घेतला, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली.

तिचे ते "म्हणून तर" मात्र माझ्या डोक्यातून गेले नाही. संहिता नाही म्हणून अभ्यास नाही, हे माझे उत्तर विद्यापीठीय शिस्तीला धरून होते. पण संहिता नाही म्हणूनच अभ्यास हवा, हे तिचे म्हणणे त्याहून जुन्या शिस्तीला धरून होते, हे मला उशिरा कळले. त्यानंतर मी या प्रकारची पुस्तके मिळवून वाचू लागले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

इंग्रजीत या पुस्तकांना 'कम्पॅनियन' म्हणतात. मराठीत 'सांगाती' हा शब्द सुंदर आहे, पण त्याला अभंगांचे इतके वजन आहे की अंतराळयानाच्या पुस्तकाला तो पेलवणार नाही. मी 'सोबतपुस्तक' म्हणते. एखादी मालिका किंवा चित्रपट आवडणाऱ्या माणसाने हाताशी ठेवावे असे पुस्तक. त्यात भागांची यादी असते, पात्रांची व ठिकाणांची सूची असते, निर्मितीची हकिकत असते, आणि चांगल्या पुस्तकात या सगळ्यावरचे एक मतही असते. कौटुंबिक मालिकेला असे पुस्तक सहसा लागत नाही, कारण तिच्यातले घर, सासू, ऑफिस प्रेक्षकाला ठाऊक असते. विज्ञानकथेत आणि अद्भुतकथेत मात्र सगळेच नव्याने उभे करावे लागते: ग्रह, भाषा, शस्त्रे, कालगणना. जे नव्याने उभे केले त्याचा नकाशा कुणीतरी काढावा लागतो. शिवाय ते पुठ्ठा, रंग आणि युक्ती यांतून कसे उभे केले, ही दुसरी गोष्ट तितकीच रंजक असते.

माझ्या पिढीने 'स्टार ट्रेक' ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिले. रविवारी सकाळी भाग लागायचा. वीज गेली तर तो भाग आयुष्यातून गेला. या मालिकेवरचे 'द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक' हे पुस्तक १९६८ साली बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने काढले, तेव्हा मालिका अजून चालू होती. लेखक स्टीफन व्हिटफील्ड. सहलेखक म्हणून मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांचेही नाव आहे. व्हिटफील्ड साहित्यिक नव्हते. यानाच्या खेळण्यातल्या प्रतिकृती विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीच्या निमित्ताने ते स्टुडिओत गेले आणि तिथल्या कागदपत्रांत रमले.

हे पुस्तक मोठे ठरते ते त्यातल्या कागदांमुळे. निर्मात्यांनी एकमेकांना पाठवलेली कार्यालयीन टिपणे व्हिटफील्ड यांनी जशीच्या तशी छापली. व्हल्कन ग्रहावरच्या लोकांची नावे कशी असावीत यावर सहनिर्माते रॉबर्ट जस्टमन यांचे एक टिपण आहे. नावे ठरावीक अक्षराने सुरू व्हावीत आणि ठरावीक अक्षराने संपावीत असे सुचवून ते वाह्यात नावांची यादी देतात आणि गंभीर चेहऱ्याने चाललेली थट्टा पुढच्या टिपणांतही सुरू राहते. कल्पित भाषा कशी जन्मते याचे इतके जिवंत उदाहरण मी भाषाशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले नाही. तसेच माणसाला क्षणात ग्रहावर उतरवणाऱ्या 'ट्रान्सपोर्टर'चे. दर आठवड्याला अख्खे यान जमिनीवर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसांचे कण करून खाली पाठवण्याची युक्ती निघाली. ज्या कल्पनेवर पुढे लोकांनी तत्त्वज्ञानाचे निबंध लिहिले, तिचे मूळ अंदाजपत्रकात आहे.

मिठाच्या भांड्यांची गोष्ट तर मी वर्गात हमखास सांगते. 'द मॅन ट्रॅप' या भागातल्या प्राण्याला जगायला मीठ लागते, म्हणून भविष्यकाळात शोभतील अशी वेगळ्या घडणीची मिठाची भांडी विकत आणली गेली. मग लक्षात आले की ती इतकी वेगळी आहेत की प्रेक्षकाला ती मिठाची वाटणारच नाहीत. चित्रीकरणात साधी भांडी वापरली आणि ती विचित्र भांडी यानावरच्या डॉक्टरची शस्त्रक्रियेची उपकरणे झाली. मुले हसतात. मग मी विचारते, ओळखीचे आणि अनोळखी यांचे प्रमाण कथेत किती ठेवायचे, हा प्रश्न नवकथेपुढे नव्हता का?

आता या पुस्तकाची मर्यादा. व्हिटफील्ड यांना कागद मिळाले ते निर्मात्यांच्या मर्जीने, आणि घरातल्या माणसाने घराची गोष्ट सांगावी तशी ती सांगितली गेली. मालिकेच्या पहिल्या प्रायोगिक भागात यानावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक स्त्री होती. वाहिनीने तो भाग नाकारला आणि पुढे ते पात्र गेले. स्त्रीला अशा अधिकारपदावर पाहणे त्या काळाला रुचले नाही, ही रॉडनबेरी यांच्या बाजूची हकिकत पुष्कळ वर्षे प्रमाण मानली गेली. १९९६ मध्ये हर्बर्ट सोलो आणि जस्टमन या दोघा जुन्या सहकाऱ्यांनी 'इनसाइड स्टार ट्रेक' हे पुस्तक लिहिले. सोलो यांचे म्हणणे असे की वाहिनीचा आक्षेप स्त्री अधिकाऱ्याला नव्हता, त्या भूमिकेसाठी केलेल्या निवडीला होता. कोण खरे? मी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली आणि माझा कल दुसऱ्याकडे गेला. पण माझ्या लेखी महत्त्वाचे हे की मधली अठ्ठावीस वर्षे एक गोष्ट निव्वळ आवडत होती म्हणून खरी मानली गेली. ती गोड होती, पुरोगामी होती, प्रेक्षकाला आपली बाजू योग्य असल्याचे समाधान देणारी होती. प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकाला सगळ्यात मोठा धोका अशा गोष्टींचा असतो.

दुसरा प्रकार सूचीचा. डोरोथी जोन्स या प्रेक्षक बाईंनी पहिल्या दोन वर्षांच्या भागांची माहिती कार्डांवर टिपून ठेवली होती. त्यातून ब्यो ट्रिंबल यांनी १९६९ मध्ये 'स्टार ट्रेक कॉन्कॉर्डन्स' स्वतःच प्रकाशित केले. मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांची मोहीम उभारणाऱ्या त्याच या ट्रिंबल. १९७६ मध्ये याच सूचीची बॅलंटाइनची आवृत्ती निघाली. तिच्या मुखपृष्ठावर भाग शोधण्यासाठी फिरवायची चकती होती. नावातला 'कॉन्कॉर्डन्स' हा शब्द बायबलच्या अभ्यासातला. कुठला शब्द कुठल्या अध्यायात आला हे दाखवणारी सूची म्हणजे कॉन्कॉर्डन्स. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या शब्दसूच्या आहेत, तशी. धर्मग्रंथाची शिस्त एका दूरचित्रवाणी-मालिकेला लावली म्हणून तेव्हा काही जण हसले असतील. त्या काळी मालिका घरी पुन्हा पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती, हे लक्षात घेतले की हसू येत नाही. भाग लागत असताना अंधारात कार्डावर लिहायचे, पुढच्या प्रक्षेपणाला पडताळायचे. आपल्या हस्तलिखितांच्या सूचीकारांनी याहून वेगळे काय केले?

पुढे १९९४ मध्ये मायकेल व डेनिस ओकुडा यांनी 'स्टार ट्रेक एन्सायक्लोपीडिया' केला. ओकुडा स्वतः मालिकेच्या कलाविभागात होते. त्यांनी एक नियम पाळला: जे पडद्यावर दिसले तेच आधाराचे, बाकी अंदाज; आणि अंदाज केला असेल तर तसे सांगायचे. कल्पित गोष्टींच्या बाबतीतही पुरावा आणि तर्क वेगळे ठेवता येतात, हे मला या जाड पुस्तकाने शिकवले. मी मार्गदर्शन केलेल्या काही प्रबंधांत खऱ्या गोष्टींच्या बाबतीतही ही काळजी घेतलेली नव्हती. असो.

तिसरा प्रकार टीकेचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. डेव्हिड जेरल्ड हा विशीतला तरुण 'स्टार ट्रेक'चा प्रेक्षक होता. त्याची एक कथा मालिकेने घेतली आणि तिचा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा लोकप्रिय भाग झाला. १९७३ मध्ये त्याने दोन पुस्तके लिहिली. एक त्या एकाच भागाच्या लेखनावर, संहितेसह. लिहू पाहणाऱ्या कुणालाही मी ते वाचायला सांगते, कारण एकेक प्रसंग का कापला, विनोद कुठे हलवला याचा हिशेब त्यात आहे. दुसरे 'द वर्ल्ड ऑफ स्टार ट्रेक'. त्यात तो मालिकेच्या उणिवा स्पष्ट सांगतो. त्याची एक तक्रार अशी: यानाचा कप्तान दर वेळी स्वतः अनोळखी ग्रहावर का उतरतो? जहाज सोडून कप्तानाने धोक्यात जाणे हे नौदलात वेडेपणाचे ठरेल. १९८७ मध्ये नवी मालिका आली, तेव्हा जेरल्ड तिच्या पूर्वतयारीत होता, आणि त्या मालिकेत कप्तान यानावर थांबतो, दुय्यम अधिकारी पथक घेऊन खाली जातो. टीकेमुळे सर्जनशील कृती बदलली असे आपण समीक्षेच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगतो आणि उदाहरण विचारले की चाचपडतो. हे घ्या उदाहरण, तेही एका स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकातले.

यानंतर मी 'डॉक्टर हू'कडे वळले, आणि माझ्या विद्यार्थिनीचे म्हणणे मला तिथे पूर्ण समजले.

ही ब्रिटिश मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौचे, लेखिका अतिया होसेन यांचे चिरंजीव. पहिला भाग केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी लागला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावा लागला. मात्र तेव्हा फिती महाग होत्या आणि जुन्या कार्यक्रमांना पुन्हा मागणी येईल असे कुणाला वाटत नव्हते. बीबीसीने फिती पुसून पुन्हा वापरल्या, चित्रपटफितीवरच्या प्रतीही कालांतराने टाकून दिल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत.

या मालिकेचे पहिले महत्त्वाचे सोबतपुस्तक १९७२ चे, 'द मेकिंग ऑफ डॉक्टर हू', तिच्याच दोन लेखकांनी, माल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स यांनी मुलांसाठी लिहिलेले. १९८१ मध्ये जाँ-मार्क लोफिसिए या फ्रेंच लेखकाने कथासूची काढली. हे सगळे चालू होते तेव्हा अनेक भाग नष्ट झालेले होते. म्हणजे वाचकाच्या हातात टीका होती, मूळ ग्रंथ नव्हता.

मग तो ग्रंथ कशाच्या आधारे उभा करायचा? रीडिंगजवळ कॅव्हरशम येथे बीबीसीचे लिखित दस्तऐवजांचे संग्रहालय आहे. तिथे करारपत्रे, पत्रव्यवहार, टिपणे सापडली. जॉन क्यूरा नावाचे एक छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याचीच छायाचित्रे काढून कलावंतांना व निर्मात्यांना विकत असत. एका भागाची साठ-सत्तर छायाचित्रे. त्यांतली बरीचशी या दफ्तरात जपली गेली होती. आणि सर्वांत नवल म्हणजे आवाज. घरोघरच्या मुलांनी टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीजवळ धरून, आईला गप्प राहायला सांगून, भाग ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. डेव्हिड हाउ, मार्क स्टॅमर्स आणि स्टीफन जेम्स वॉकर या तिघांची नव्वदच्या दशकातली पुस्तके मालिकेच्या कागदांतून शोधून लिहिलेली आहेत.

नावांचा घोळ पाहा. १९६६ पर्यंत पडद्यावर प्रत्येक भागाचे स्वतंत्र नाव येई, पूर्ण कथेचे नाव येत नसे. मग पहिल्या कथेला म्हणायचे काय? १९७३ मध्ये 'रेडिओ टाइम्स'च्या विशेषांकाने सोय म्हणून पहिल्या भागाचेच नाव कथेला दिले, 'ॲन अनअर्थली चाइल्ड'. ते रूढ झाले. नंतर दफ्तरे उघडली तेव्हा कळले की निर्मितीच्या कागदांवर याच कथेला दुसरी नावे आहेत. एका ठिकाणी 'वन हंड्रेड थाउजंड बीसी', त्याआधी 'द ट्राइब ऑफ गम'. दुसऱ्या कथेचे कागदावरचे नाव 'द म्यूटन्ट्स', पण त्या नावाची आणखी एक कथा १९७२ मध्ये आली! रूढ नाव धरायचे की मूळ नाव, यावर चाहत्यांत जे वाद झाले ते वाचताना मला तुकोबांच्या गाथेच्या आवृत्त्यांवरचे वाद आठवले. पाठचिकित्सेचे सगळे प्रश्न इथे आहेत. फक्त ते सोडवणारे प्राध्यापक नव्हते.

आठवण किती दगा देते याचेही एक उदाहरण याच मालिकेतले. 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही १९६७ ची चार भागांची कथा हरवलेली होती. ज्यांनी लहानपणी पाहिली होती त्यांच्या आठवणींवर ती मालिकेतली एक सर्वश्रेष्ठ कथा म्हणून पुस्तकापुस्तकांतून गाजत राहिली. १९९२ मध्ये तिच्या चारही भागांच्या प्रती हाँगकाँगहून परत आल्या. लोकांनी पाहिले. भव्यता होती, थडगी फोडून बाहेर येणारे यंत्रमानव होते. पण एका पात्राला उचलून फेकताना तारही दिसत होती. काही जणांचा हिरमोड झाला, काहींचे प्रेम वाढले. मी नंतर ती पाहिली. मला ती आवडली, तारेसकट. पण त्याआधीच्या पुस्तकांतली स्तुती 'पाहून' केलेली नव्हती, 'आठवून' केलेली होती, आणि लेखकांनी हा फरक वाचकाला सांगितला असता तर बरे झाले असते.

इथे एका आपल्या ग्रंथाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना भेटून, विचारून. पुढे धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला आणि अनुयायांनी तो आठवणीतून पुन्हा सिद्ध केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. महानुभावांनी या भेदांना 'वासना' म्हटले, आणि अमुकाची वासना अशी, तमुकाची तशी, हे नोंदवून ठेवले. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. त्याच परंपरेत 'स्थानपोथी' झाली: स्वामी कुठे राहिले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, दार कुठे, ओटा कुठे. लीळाचरित्र हातात घेऊन त्या स्थळी जाणाऱ्यासाठी लिहिलेले ते सोबतपुस्तक आहे. श्रद्धेचा ग्रंथ आणि करमणुकीची मालिका एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. पद्धतीपुरतेच म्हणते. 'वासना' नोंदवण्याची रीत आपल्या भाषेत सात शतके आहे आणि मी माझ्या विद्यार्थिनीला विचारत होते, संहिता कुठे आहे!

पडद्यामागची हकिकत मराठीत लिहिण्याची सुरुवातही जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही केला. 'लंकादहन' आणि 'कालियामर्दन' करणारा हा अद्भुताचा जादूगार आपली जादू उलगडून दाखवायला तयार होता. नंतर 'शांतारामा'सारखे आत्मचरित्र झाले, बापू वाटवे यांचे 'एक होती प्रभातनगरी' झाले. माणसांवर आणि संस्थांवर आपण लिहिले. एकाच कलाकृतीला धरून, तिच्या एकेका भागाशी बसून लिहिणे आपल्याकडे फारसे रुजले नाही.

कायद्याविषयी थोडे, कारण विद्यार्थी हे विचारतातच. कथा पुन्हा सांगणे आणि कथेविषयी सांगणे यांत फरक आहे. 'ट्विन पीक्स' या मालिकेवरच्या एका अनधिकृत पुस्तकाने भागांचे कथानक इतके तपशीलवार दिले की १९९३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरवले. २००७ मध्ये हॅरी पॉटरच्या एका कोशाविरुद्ध लेखिका रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स न्यायालयात गेले. कोशाने मूळ शब्दरचना गरजेपेक्षा जास्त उचलली म्हणून २००८ मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध गेला. पण संदर्भग्रंथ लिहिणे हे स्वतःच गैर नाही, असेही न्यायाधीशांनी मानले, आणि पुढच्या वर्षी तो कोश सुधारून प्रसिद्ध झाला. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ समीक्षा व परीक्षणासाठी रास्त वापराला मोकळीक देते. मी विद्यार्थ्यांना व्यवहारी कसोटी सांगते: तुमचे पुस्तक वाचून मालिका पाहण्याची गरज संपत असेल तर तुम्ही चुकला आहात; पाहण्याची इच्छा वाढत असेल तर बहुधा ठीक आहे. छायाचित्रांसाठी मात्र परवानगी मागावी, लेखी.

आता ज्यांना खरोखर असे पुस्तक लिहायचे आहे त्यांच्यासाठी माझ्या वाचनातून आणि अलीकडच्या थोड्या अनुभवातून काही सांगते. प्रत्येक विधानाचा आधार तीनपैकी कोणता, हे पहिल्या दिवसापासून टिपावे: पडद्यावर पाहिले, कागदावर वाचले, की कुणी सांगितले. नंतर हे वेगळे काढता येत नाही; सगळे एकाच अक्षरात लिहिलेले असते. मुलाखत घेताना "त्या दिवसांत कसं वाटायचं?" असे विचारू नये. त्याचे उत्तर माणसाने शंभरदा दिलेले असते आणि प्रत्येक वेळी ते थोडे अधिक गुळगुळीत झालेले असते. वस्तूविषयी विचारावे. यानाचा दरवाजा कशाचा होता? ढकलायला कोण उभे असायचे? दिव्यांनी तो वितळत नव्हता का? वस्तू आठवली की तिच्याबरोबर माणसे येतात, भांडणे येतात, तारीखही येते. शक्य तर जुना फोटो पुढे ठेवावा. आणि मुख्य कलावंतांच्या आधी सुतार, शिंपी, ध्वनिमुद्रक, संकलकाचे सहायक यांच्याकडे जावे. त्यांना कुणी विचारलेले नसते, त्यामुळे त्यांच्या आठवणी ताज्या असतात.

भाषेचाही प्रश्न आहे. चाहत्याची भाषा विशेषणांनी फुगते, प्राध्यापकाची संज्ञांनी. 'द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक' पन्नास वर्षांनंतरही वाचले जाते ते यामुळे की व्हिटफील्ड यांनी रकमा, तास, साहित्य यांविषयी लिहिले. एक भाग किती दिवसांत चित्रित व्हायचा हे वाचले की कौतुक आपोआप वाटते, ते वेगळे व्यक्त करावे लागत नाही.

गेल्या दिवाळीत ती विद्यार्थिनी घरी आली, हातात चपलांचा खोका. आत कार्डे होती. तिने काम सोडलेच नव्हते. मला सांगितले नव्हते एवढेच. वरच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका: हिरवा म्हणजे पाहिलेला भाग, पिवळा म्हणजे कागद, लाल म्हणजे आठवण. ओकुडांचे पुस्तक तिने पाहिलेलेही नव्हते. लाल कार्डे सर्वांत जास्त होती. एका भागासाठी चार लाल कार्डे होती, आणि चारही माणसांनी शेवट वेगवेगळा सांगितला होता. "यातला कुठला धरू, मॅडम?" तिने विचारले. मी म्हटले, "चारही दे. नावांनिशी." मग आम्ही दुपारभर तिला 'वासना' या संकल्पनेची माहिती आणि मला टेपांच्या प्रकारांची माहिती अशी देवाणघेवाण केली.

तिच्याकडून कळलेली एक गोष्ट या अंकाच्या वाचकांपर्यंत पोचवते. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर असलेल्या घरांनी लग्नाच्या फितींवर, मधल्या उरलेल्या जागेत, टीव्हीवरचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवले आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कुठल्याही गावच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट निघू शकते. माळा साफ करताना ती भंगारात देऊ नये. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालून पाहण्याचा मोह टाळावा. त्याने फीतही जाते आणि यंत्रही. कोरड्या जागी उभी ठेवावी, वर पेनाने लिहिलेली जी काही चिठ्ठी असेल ती काढू नये, आणि माहीतगार माणसाकडे द्यावी.